भरला की मिस कॉल दे

"पुढचा बोला." मान वर न करता, बोट टेबलावर टेकवून मामा म्हणायचे.

दुष्काळात दूध आटलं तेव्हा घाटनांदूरकडच्या आमच्या सहकारी संस्थेनं दुधाचेच टँकर धुऊन गावोगाव पाणी द्यायला घेतलं. कुठला टँकर कुठं पाठवायचा, हे बघायला एकटे मामा; सगळी संस्था त्यांना मामाच म्हणायची. मी पुण्याहून शिकून आलेला शहाणा. त्यांच्या कामाचा प्रोग्रॅम लिहायला मला ठेवलं होतं.

तुम्ही बघायलाच हवं होतं. भिंतीवर ताणलेल्या तारेला गावांच्या चिठ्ठ्या चिमट्यांनी लावलेल्या. पहिली काढायची, ड्रायव्हरला गाव सांगायचं, "भरला की मिस कॉल दे," की लगेच पुढचा. टँकर भरायला विहिरीवर तास लागो की दोन, मामा वाट बघत बसायचे नाहीत. मिस कॉल आला की 'गावाला कळवायचं' अशी नवी चिठ्ठी तारेच्या शेवटी. माणूस एक, फोन एक, टँकर वीस.

मी त्यांना सांगितलं, प्रोग्रॅम लिहायला आम्ही तयार कोडची जी लायब्ररी वापरतो, तिच्यात नेमकं हेच असतं. त्याला इव्हेंट लूप म्हणतात. एकच चक्र फिरत राहतं, रांगेतलं पहिलं काम उरकतं, वेळखाऊ कामाला 'झालं की कळव' सांगून पुढं जातं. मामांनी ऐकून घेतलं.

"थांबत न्हाई ना कुठं?"

"नाही."

"मंग ठीक हाय."

आणि मीच माती खाल्ली. गावाला कळवल्यावर सरपंचाचा होकार येईस्तोवर प्रोग्रॅम तिथंच थांबेल, असं लिहून बसलो. पहिल्याच दिवशी एक सरपंच लग्नात आणि त्यांचा फोन पिशवीत. तोवर सगळे टँकर उभे. दुपारी मामांनी कॉम्प्युटर बंद केला. "एकापायी सगळ्यांला उभं केलंस बे," एवढंच म्हणाले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मे महिन्यात त्यांच्या स्वतःच्या गावची चिठ्ठी तारेच्या शेवटी लागली. थोरला भाऊ आला. बायापोरं दोन दिवस कोरडी आहेत, चिठ्ठी पुढं घे, म्हणाला. मामांनी घेतली नाही. चहा पाजला आणि वाटेला लावलं. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, आज जास्त येतो.

तिसऱ्या दिवशी पाळी आली. टँकर विहिरीकडे गेला आणि मामा 'पुढचा बोला' म्हणालेच नाहीत. फोन तळहातावर घेऊन बसले. दारात ड्रायव्हर खोळंबले.

"मामा, पुढचं घ्या," मी म्हणालो.

"एवढा एक येऊ दे."

संध्याकाळी ड्रायव्हर स्वतःच आला. विहिरीनं तळ दाखवला होता. मिस कॉल कशाचा देऊ, म्हणाला.

आठवड्यात गाव उठलं. मामाही बिऱ्हाड घेऊन बांधकामावर गेले. प्रोग्रॅम मी नीट केला. आता तो कुठंच अडत नाही, दिवसभर फिरत रांग बघतो. विहिरीकडून काही येतच नाही.

परवा मामांना फोन लावला. एक रिंग गेली, काय बोलावं सुचेना, म्हणून कापला. लगेच उलटा फोन आला. 'हॅलो' नाही, 'कोण?' नाही.

"भरला का?" मामांनी विचारलं.