न जळणारा कापूस

महिपत घडशी म्हणजे पत्रे उतरवण्यातला वस्ताद. रत्नागिरी सोडून घोडबंदरला स्थिरावला, पण छपरावर चढताना कधी कमरेला पट्टा बांधला नाही. एवढा तोरा! त्यामुळे शहाण्णव साली, भाईंदरच्या एका आगीत जळालेल्या जुन्या कारखान्यावर इंजिनिअर अभिनवने मास्क पुढे केला, तेव्हा गडी फणफणला.

"मुसकं बांधायला मी काय बैल हाय?"

"महिपतराव, पत्रे फोडायचे नाहीत. पाणी मारून ओलेच उतरवायचे, प्लास्टिकमध्ये बंद करायचे. तुम्ही सिमेंटचे म्हणता, पण यात अॅस्बेस्टॉस आहे. त्याची धूळ छातीत रुतते आणि वीस-तीस वर्षांनी जीव घेते."

वीस वर्षांनी मारणारी धूळ! महिपतला हसू आवरेना. तरी पोटासाठी त्याने मास्क चढवला.

मग अभिनव बॉयलरकडे वळला आणि थबकलाच. पाइप उघडे पडले होते. "यावरचं पांढरं वेष्टण कुठे गेलं? सगळ्यात घातक तेच!"

"तो कापूस? मी नेला, साहेब. मागल्या पंधरवड्यात काम बघायला आलो तवा."

लोखंड वाकलं, पण हा कापूस साधा काळवंडलासुद्धा नव्हता. महिपत भारावूनच गेला होता. आगीने ज्याला हात लावला नाही, त्याच्यापुढे कुणाची दृष्ट काय टिकणार? नवसाची पोर, सलोनी, सारखी किरकिरायची. त्याने बायकोकडून पोरीच्या उशीत तो भरून घेतला होता.

"कापूस नाही हो तो! अॅस्बेस्टॉसच आहे!"

महिपत काम टाकून रस्त्याकडे धावला. कसाबसा एका टेम्पोत बसून तो घरी पोचला. दारात त्याची बायको सुलू तीच उशी काठीने झोडत होती. उन्हात बारीक धूळ तरंगत होती आणि सलोनी खिदळत ती मुठीत धरायला बघत होती.

त्याने पोरीला उचलून लांब नेलं.

"अवो, झालं काय?"

"तो कापूस न्हाय गो, सुले. इख हाय, इख! पोरीच्या उशाला मी इख दिलं!"

सुलूच्या हातून काठी गळाली. ती शेजारच्या दाराकडे बघत राहिली.

"उरलेला मी शैलाला दिला," ती पुटपुटली. "तिच्या बाळाच्या गादीत भरायला. तुमीच म्हणालात ना, नजर लागत न्हाय म्हणून."