हिरव्या बोर्डाखाली

सायरन थांबला तेव्हा मी लॅबच्या ओट्याखाली होते. गुडघे पोटाशी, दोन्ही हात कानांवर. फरशीवर फुटलेला फ्लास्क. त्यातलं गुलाबी पाणी माझ्या ओढणीत शिरत होतं. आधी मला बूट दिसले. मग बुटांच्या वर मोबाइल.

“बाहेर ये गं बिळातून. मांजर गेली,” नितीन म्हणाला.

नितीन आमचा शिफ्ट सुपरवायझर. आग नव्हती, गळती नव्हती. शिफ्ट ऑफिसातल्या पॅनलवरचं टेस्टचं बटण त्याने दाबलं होतं. मी काय करते ते बघायला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत व्हिडिओ कंपनीच्या ग्रुपवर होता. खाली हसणारे चेहरे. मी त्यातला एकच नीट बघितला. लॅबच्या साहेबांनी टाकलेला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा.

मला काही वाटलं नाही. काच गोळा केली, टायट्रेशन पहिल्यापासून लावलं. माझं असंच आहे. वाटणं उशिरा येतं. कधी दोन दिवसांनी, रिक्षाच्या रांगेत.

ही नोकरी मला साहेबांनीच दिली होती. अंबरनाथच्या एमआयडीसीतली केमिकल कंपनी. मी बदलापूरच्या पलीकडची, बारवी धरणाच्या बाजूला असलेल्या एका ठाकरवाडीची. बाप भात लावतो, उरलेल्या दिवसांत मजुरी करतो. आई रानभाज्या घेऊन बदलापूरच्या बाजारात बसते. वाडीवरून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं. शाळेत मी खिडकीबाहेर बघून उत्तरं द्यायचे. बरोबर द्यायचे. गुरुजी म्हणायचे, “एक तर वाडीवरची, त्यात येडी.” वर्ग हसायचा. मीही हसायचे. कुठे हसायचं ते मी इतरांकडे बघून शिकले होते.

उल्हासनगरच्या कॉलेजात बी.एस्सी. केलं. शेवटच्या वर्षाला मोबाइलवर एका बाईचं लिखाण वाचलं. ती ऑटिस्टिक होती आणि स्वतःबद्दल स्वतःच लिहीत होती. ट्यूबलाइटचा आवाज सहन होत नाही, असं तिने लिहिलं होतं. मी वर बघितलं. माझ्या डोक्यावर ट्यूबलाइट गुणगुणत होती. मला वाटायचं, ती सगळ्यांनाच ऐकू येते, फक्त बाकीचे माझ्यापेक्षा सोशिक आहेत. पुढे सरकारी रुग्णालयात हेलपाटे घालून मी ऑटिझमचा कागद मिळवला.

तो कागद मी मुलाखतीतच दाखवला. साहेब म्हणाले, “आमच्याकडे इन्क्लुजन पॉलिसी आहे. तू आता फॅमिली.” बाप धुतलेला सदरा घालून कंपनीच्या गेटवर आला आणि साहेबांच्या पाया पडला. मग मीही पडले. साहेबांनी पाय मागे घेतले नाहीत. तेव्हा मला ते नीटच वाटलं होतं.

सायरनची मला भीती नव्हती. दर सोमवारी दहाला त्याची चाचणी असते. मी पावणेदहालाच मफ चढवायचे, आवाज अडवायला कॉम्प्रेसरवाले कानांवर घालतात तेच. न सांगता वाजला की मात्र तो कानात येत नाही, अंगावर येतो. पाय आपोआप खाली जातात. नितीनला हे कळलं. पुढच्या बुधवारी पुन्हा. मग शुक्रवारी. माणसं लॅबच्या खिडकीशी येऊन उभी राहायला लागली.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, “अगं, त्याचा स्वभावच तसा आहे. जरा स्पोर्टिंगली घे. आणि तुला सवय व्हायलाही बरं.” मी म्हटलं, “थँक यू सर.” खरंच म्हटलं. बाहेर आल्यावर हात धुतले. पुन्हा धुतले.

मग तो मंगळवार. साडेबाराला सायरन वाजला. मी ओट्याखाली. पण खिडकीशी कोणी आलं नाही, आणि वास आला. ऍसिडचा. आवाज चालूच होता. मी हात वर करून ओट्यावरचे मफ ओढले, कानांवर घातले आणि उठले. बाहेर कॅन्टीनच्या मागे पांढरा धूर जमिनीलगत सरकत होता. टँकरचा होज निसटला होता.

सायरन वाजला की काम टाकायचं आणि गेटजवळच्या हिरव्या बोर्डाखाली जमायचं, हे प्रत्येकाला पहिल्या दिवशी शिकवतात. मी तिथे जाऊन उभी राहिले. एकटीच. समोर कॅन्टीनमध्ये माणसं जेवत होती. मी हात हलवला, ओरडले. कोणीतरी परत हात हलवला. वॉचमन केबिनमधून म्हणाला, “आज इधर कैसे मॅडम? टेबल के नीचे जगह नहीं मिली?”

मी धुराकडे बोट दाखवलं. तेव्हा तो उठला, शिटी मारायला लागला. मग माणसं पळाली.

सगळ्यात शेवटी मावशी आली. कॅन्टीनची भांडी घासणारी. तिची मोरी कॅन्टीनच्या मागेच आहे. डोळे मिटलेले, खोकत, हाताने भिंत चाचपत. मी तिला सेफ्टी शॉवरखाली धरलं आणि तिच्या डोळ्यांवर पाणी सोडत राहिले. मला कोणाला धरायला आवडत नाही. धरलं.

“मावशी, सायरन ऐकू नाय आला?”

“आला की. मला वाटला, तुझीच मस्करी चाललीय.”

ती रागाने बोलली नव्हती. सरळ सांगितलं. या कंपनीत सायरनचा अर्थ धोका राहिला नव्हता. सायरनचा अर्थ मी होते.

त्या वेळीही काही वाटलं नाही. पण हे वाक्य डोक्यातून गेलं नाही.

आमच्याकडे एक पद्धत आहे. अपघात होता होता राहिला, तर ज्याने बघितलं त्याने चिठ्ठी भरायची. निअर मिस म्हणतात तिला. काय घडलं, का घडलं, पुन्हा घडू नये म्हणून काय करावं. ज्याने लिहिली त्यानेच ती सोमवारी गेटमीटिंगला सगळ्यांसमोर वाचायची. नितीनने भरली होती: होज निसटला, कोणालाही इजा नाही. मावशी ठेकेदाराची. तिचे लाल डोळे कोणाच्याच खात्यात नव्हते.

मी माझी चिठ्ठी भरली. ‘का घडलं’च्या रकान्यात लिहिलं: सायरन खरा होता, पण कोणी हललं नाही. कारण महिनाभर तो माझी गंमत बघायला वाजवला जात होता.

शनिवारी साहेबांनी बोलावलं. चिठ्ठी त्यांच्या हातात.

“हे पर्सनल आहे. निअर मिसमध्ये येत नाही.”

मी टेबलाच्या कडेकडे बघत होते.

“माझ्याकडे बघून बोल.”

“बघितलं की ऐकू येत नाही, सर.”

ते जरा नरमले. “हे बघ, आपण अवेअरनेस प्रोग्रॅम ठेवू. एक मॅडम येतील, तुमच्या लोकांबद्दल सांगतील. तू स्टेजवर बस. बुके देऊ तुला. चिठ्ठी मागे घे.”

“मी सांगते ना सर. मी तर इथेच आहे.”

“तुला जमेल बोलायला?”

“चिठ्ठी वाचायचीच आहे.”

त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली. “तुझ्या कन्फर्मेशनवर माझी सही राहिलीय, आठवतंय ना? मुलीसारखं वागवलं तुला मी.”

व्हिडिओखालचा तो चेहरा मला आठवला. मुलीच्या व्हिडिओवर बाप असा हसतो का, हे मला खरंच माहीत नव्हतं. माझा बाप मला कधी हसला नव्हता. मी चिठ्ठी उचलली, थँक यू म्हटलं नाही आणि बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं नाही.

घरी बाप म्हणाला, “साहेबाच्या इरोधात नको जाव. पाया पडलोय मी त्याच्या.”

“मीही पडले होते, बाबा. तिथंच चुकलं.”

तो ताट सरकवून अंगणात जाऊन बसला. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

सोमवारी मी हिरव्या बोर्डाखाली उभी राहून चिठ्ठी वाचली. मफ गळ्यात. नजर कागदावर. माझा आवाज सपाटच असतो, तसाच होता. आधी सांगितलं, मी ऑटिस्टिक आहे, हे आजार म्हणून सांगत नाही, आवाज माझ्यापर्यंत कसा पोचतो ते कळावं म्हणून सांगते. मग कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणी बटण दाबलं ते वाचलं. मावशीचं वाक्य तिने सांगितलं तसंच वाचलं. शेवटचा रकाना: न सांगता चाचणी करायची नाही. बटणाला कुलूप. मावशीचं नाव रिपोर्टात.

“झालं का?” नितीन मागून म्हणाला.

“नाही,” मी म्हटलं, आणि मावशीचं नाव पुन्हा वाचलं.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब घड्याळ बघत होते. मावशी बादली घेऊन कडेला उभी होती.

बटणाला कुलूप लागलं. चावी नितीनकडेच आहे. माझ्या फाइलवर सही झालेली नाही. ग्रुपमधून मला काढलं, व्हिडिओ तिथेच आहे.

सायरन पुन्हा अचानक वाजला तर मी ओट्याखाली जाईन. शरीर जाईल. त्याची लाज मी सोडली आहे. मग मफ घालीन, हिरव्या बोर्डाखाली जाईन, कोणी येवो न येवो. आणि परत येऊन चिठ्ठी भरीन. कोरा गठ्ठा ऍप्रनच्या खिशात आहे. नावासकट लिहीन. दर वेळी. आणि सोमवारी मीच वाचीन.