खोकल्याची पात्रता

मुलुंडच्या श्रुतिका परबला दोन प्रकारच्या माणसांचा मनापासून तिटकारा होता. चहा पाजून खोटं बोलणाऱ्यांचा, आणि अंधेरीच्या एसीत बसून त्यांना ‘समुदाय’ म्हणणाऱ्यांचा. नोकरी नेमकी या दोघांच्या मधोमध.

तिच्या संस्थेनं घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत टीबीचं संशोधन काढलं होतं. वर्षभर तिथं राहिलेली, खोकला न हटणारी माणसं शोधायची आणि त्यांची थुंकी तपासायची. धावपळ श्रुतिकाची, परिषदेतलं भाषण अंधेरीतल्या साहेबांचं, डॉक्टर मुकुलचं. इंग्रजी कागदाचं मराठीही तिनंच केलं. अभ्यासात बसेल तो पात्र, न बसेल तो अपात्र. आपल्या मराठीचा तिला भारी गर्व. पार्ल्याच्या शाळेत शिकल्याचं ती न विचारता सांगे.

काम सुरू झालं आणि अख्खी वस्ती खोकू लागली. म्हातारे खोकले, कॅरम खेळणारे खोकले. एका घरात सगळे ओळीनं खोकले आणि धाकटा विसरला, तर आईनं त्याला कोपर मारलं. डॉक्टर मुकुल हरखून गेले. ‘काय रिस्पॉन्स आहे, झकास!’

लोक खोटं बोलताहेत हे श्रुतिकाला कळत होतं. का बोलताहेत, हे विचारावंसं वाटलं नाही. कुणी खोटं बोललं की आपला अंदाज खरा ठरल्याचं तिला उलट समाधानच मिळे.

खरं बोलली एकटी शेवंती. जालन्याकडची, भाच्याच्या आसऱ्याला आलेली. दोन शब्दांत धाप लागायची.

‘कधीपासून राहता इथं?’

‘दिवाळीपासून.’

‘मग तुम्ही अपात्र, मावशी,’ म्हणून श्रुतिका पुढच्या दाराशी गेली. अशांना दवाखान्याची वाट दाखवायची होती, पण खोटारड्यांची रांग मोठी होती ना!

तपासण्या झाल्या. एकालाही टीबी नाही. श्रुतिका तणतणत डोंगर चढली आणि वस्तीतले जुने पुढारी नाना यांना तिनं गाठलं.

‘नाना, लाज नाही वाटत? धडधाकट माणसं खोकताहेत!’

‘तापता कशाला मॅडम? तुम्हीच बोललात ना, खोकला असेल तो पात्र. आता बिल्डिंग कधी होणार तेवढं सांगा.’

‘कसली बिल्डिंग?’

‘पात्र झाल्यावर मिळते ती!’ नाना म्हणाले. डोंगरावर ‘पात्र’ला एकच अर्थ होता. झोपड्या पाडून टॉवर उठतो तेव्हा ज्याला घर मिळतं तो पात्र, आणि ज्याचं सामान रस्त्यावर येतं तो अपात्र. सख्ख्या मामाच्या घरात याच शब्दावरून झालेली भांडणं ऐकून मोठ्या झालेल्या बाईला हे सुचू नये! पण शुद्ध मराठीची मिजास अशीच असते, तिला शेजारचं मराठी ऐकू येत नाही.

‘आणि शेवंतीमावशी?’

‘ती अपात्र ना? भाचा घाबरला, हिच्यापायी आपलं घर जायचं. तिला दम दिलाय, खोकायचं नाही म्हणून.’

शेवंती मोरीपाशी बसली होती. तोंडात पदराचा बोळा, डोळ्यांत पाणी, छाती आतल्या आत हिसके देत होती. श्रुतिकाला बघून तिनं घाईनं बोळा काढला.

‘मी नाही खोकत आता, मॅडम. भाच्याचं नाव कापू नका.’

श्रुतिकाला स्वतःचीच शिसारी आली. तिनं रिक्षा करून शेवंतीला पालिकेच्या दवाखान्यात नेलं. टीबी निघाला. गोळ्या सुरू झाल्या त्या दिवशी तिनं तिथूनच डॉक्टर मुकुलना फोन केला.

‘अरे वा! मग घे ना तिला अभ्यासात. एक तरी केस मिळेल.’

‘ती आपल्याकडे अपात्र आहे, सर.’

‘ॲडजस्ट कर यार. वर्षापूर्वी आली म्हणून लिही.’

वस्ती घरासाठी खोटं खोकली होती. हा माणूस भाषणासाठी खोकत होता.

‘वस्तीतल्या लोकांना घर तरी हवं होतं, सर,’ ती म्हणाली आणि फोन ठेवला.

बाकावर शेवंती मास्कच्या आत मोठमोठ्यानं खोकत होती. तिला कुणी गप्प करत नव्हतं.