आई सायकल शिकली ती दगड पाहण्यासाठी

मी सातवीत होते तेव्हाची गोष्ट. शाळेत इतिहासाच्या बाईंनी एकदा सांगितलं, की आपल्या नागपूरपासून जवळच, काटोल रोडनं गेलं की जुनापाणी नावाचं गाव लागतं. त्याच्या माळावर मोठमोठ्या दगडांची वर्तुळं आहेत. हजारो वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं तिथे पुरली आणि भोवती दगड मांडले. खोदलं तेव्हा आत लोखंडी हत्यारं सापडली, घोड्याची हाडंसुद्धा.

संध्याकाळी जेवताना मी हे घरी सांगितलं. बाबा मिलमध्ये फिटर होते, दमून आलेले होते. त्यांनी "अस्सं" म्हटलं आणि भाजी वाढायला ताट पुढे केलं. आईचा हात मात्र भांड्यातच राहिला.

"गोलच काहून पण?" ती म्हणाली. "आणि घोडा कशाले पुरला संगं?"

मला सांगता येईना. दुसऱ्या दिवशी बाईंना विचारून ये म्हणाली. बाईंनाही नीट सांगता आलं नाही. तेव्हा आईनं ठरवलं की आपणच जाऊन पाहायचं.

अडचण एकच होती. त्या बाजूची बस कधी यायची, कधी नाही, आणि थांब्यापासून पुढे किती चालायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं. बाबांकडे सायकल होती. तिच्या कॅरिअरवर एक माणूस बसायचं.

"तू पोरीले घेऊन जाय म्हणशील तर जातो," बाबा म्हणाले. "तिघं कसे जाऊ?"

"मंग मी शिकतो सायकल," आई म्हणाली.

आमच्याकडच्या बाया 'शिकतो', 'जातो' असंच बोलतात. बाबा हसले, पण आई हसली नाही.

थंडीचे दोन महिने ती सक्करदऱ्याच्या तलावाकाठच्या मोकळ्या जागेत शिकत होती. भाड्याच्या दुकानातून लेडीज सायकल आणायची, मागच्या चाकाला जाळी लावलेली, म्हणजे लुगडं अडकत नाही. बाबा सीट धरून मागे पळायचे. शिवणकाम करणारी माझी आई, चौथी शिकलेली, कपाळावर आठी घालून हँडलकडे बघत पुढे जायची आणि धप्पकन पडायची. शेजारच्या काकूंनी विचारलं, "काहून वं, नोकरी लागून राहिली का कुठं?"

"नाई वं. दगड पाहाले जाचं हाये."

काकूंनी ही गोष्ट वस्तीभर सांगितली. आईला त्याचं काही वाटलं नाही. घोटा सुजला तेव्हा मात्र ती दोन दिवस घरी बसली आणि मला म्हणाली, "त्या लोकायले तर सायकलच नव्हती. घोडा होता. म्हणूनच जपला असन त्यायनं."

फाल्गुनातल्या एका रविवारी आम्ही निघालो. मी बाबांच्या मागे, आई एकटी भाड्याच्या सायकलवर. शहरात ती उतरून चालायची, ट्रक दिसला की रस्त्याच्या खाली जायची. काटोल नाका ओलांडला आणि रस्ता मोकळा झाला. दोन्ही बाजूंना पळस पेटलेला होता. पानं एकही नाही, नुसती फुलं. आई आमच्या पुढे गेली. बाबांनी तिला पुढे जाऊ दिलं.

वर्तुळं सापडायला वेळ लागला. विचारलं त्यातल्या निम्म्या लोकांनी आम्हाला देवळाकडे पाठवलं. शेवटी झुडपांच्या मागे मुरमाड माळावर ती दिसली. मी काहीतरी भव्य मनात धरून आले होते. समोर होते काळे दगड, कमरेएवढेही नाहीत, गोल मांडलेले, आणि मधे मातीचा जरासा उंचवटा. असं एक वर्तुळ, त्याच्या पलीकडे आणखी एक, आणि बघत गेलं की आणखी.

बाबा बाहेरच थांबले. "मसणवटच हे. आत नोको जाऊ."

"आपण दीक्षा घेतली तवापासून भूतखेत मानत नाही ना?" आई म्हणाली आणि आत गेली. तिच्यामागे मी गेले. मग बाबाही आले, पण चपला बाहेर काढून.

आई एकेका दगडापाशी वाकून बघत होती. काही दगडांवर लहान लहान खळगे कोरलेले होते, ओळीनं. आईनं त्यात बोट घातलं. बोटाचं पेर बरोबर मावत होतं.

"पावसानं झाले असतील," बाबा म्हणाले.

"पाऊस ओळ धरून पडते का?"

मी म्हटलं, गोट्या खेळत असतील. आईनं तेही धरलं नाही, मेलेल्या माणसाच्या उशाशी कोणी गोट्या खेळत नाही म्हणाली. ती एका दगडापासून दुसऱ्यापाशी जात राहिली.

मग तिला नवाच प्रश्न पडला. हे दगड आणले कसे? बाबांनी खांदा लावून एक दगड ढकलून पाहिला, तो जागचा हलला नाही. या दगडांना त्रास द्यायचा नाही, असं आईनंच ठरवलं. पण वाटेच्या कडेला तसाच एक मोठा दगड सुटा पडलेला होता. तो हलवून पाहायचा असं तिच्या मनानं घेतलं. बाबांनी एक वाळलेला दांडा शोधून खाली घातला. तिघांनी जोर लावला, तर दांडाच मोडला.

"काय करून राहिले तुमी?"

पलीकडच्या संत्र्याच्या बागेतून एक बाई आली होती, आईच्याच वयाची, पदर कमरेला खोचलेला. आईनं तिला सगळं सांगितलं. बाईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "थांबा. पहार आणतो."

पहारीनं दगड हलला. वीतभर सरकला असेल. चौघंही घामाघूम झालो आणि उगाच हसत सुटलो.

"आमच्या इथं सांगतात का गवळ्यायचं वऱ्हाड होतं, त्याचे दगड झाले," बाई म्हणाली.

"वऱ्हाड तर पंगतीनं बसते," आई म्हणाली. "गोल कशाले बसन?"

बाई विचारात पडली. "हे नाई आलं कधी ध्यानात," ती म्हणाली.

ती आम्हाला बागेत पाणी प्यायला घेऊन गेली. अर्ध्या बागेत पिकलेली संत्री लटकत होती, उरलेल्या झाडांना नुकता बहर आलेला. त्या पांढऱ्या फुलांचा वास इतका दाट होता की मला आधी गरगरल्यासारखं झालं. मधमाश्या सगळीकडे. विहिरीपाशी बाईनं घागर उचलली आणि थांबून विचारलं, "कोण लोक तुमी?"

बाबांनी पुढे केलेली ओंजळ खाली घेतली. तो प्रश्न त्यांनी आधीही ऐकलेला होता.

"आमी बुद्ध," आई म्हणाली. आवाज होता तसाच.

बाईनं घराकडे एकदा पाहिलं. दार बंद होतं. तिनं घागर खाली ठेवली आणि फुलपात्र आईच्या हातात दिलं. "घ्या तुमच्या हातानं. घरचे मार्केटात गेले, संत्रा घेऊन."

घरचे असते तर काय झालं असतं, हे मी पुष्कळदा मनाशी घोळवलं आहे. त्या दिवशी आम्ही पाणी प्यालो. आई दोनदा प्याली.

नंतर बाईचं लक्ष सायकलीकडे गेलं. "तुमी चालवता हे?"

"दोन महिने झाले."

"मले येईन का?"

आईनं पदर खोचला. बागेच्या मधून गाडीवाट होती, दोन्ही बाजूंना झाडं. आईनं सीट धरली, अगदी बाबा धरायचे तशी, आणि ती बाई बसली. पहिल्यांदा ती झाडात गेली, केसांत फुलं घेऊन बाहेर आली. दुसऱ्यांदा पडली. आई ओरडत होती, "चाकाकडं नोको पाहू वं, समोर पाहा." ऊन उतरायला लागलं तेव्हा ती बाई एकटी फाटकापर्यंत गेली. थांबायचं कसं ते आईनं सांगितलंच नव्हतं, म्हणून फाटकाला जाऊन टेकली. परत आली ती सायकल हातात धरून. मग आमच्या पिशवीत मावतील तेवढी संत्री तिनं भरली.

पुढच्या रविवारी आईनं आम्हाला अजबबंगल्यात नेलं. आम्ही नागपूरचे लोक म्युझियमला अजबबंगलाच म्हणतो. काचेच्या कपाटात गंजलेली लोखंडी हत्यारं होती. शेजारची चिठ्ठी तिनं एकेक अक्षर लावत वाचली आणि तिथल्या माणसाला त्या खळग्यांबद्दल विचारलं. तो म्हणाला, अजून कोणाला नक्की कळलेलं नाही. मला वाटलं आई हिरमुसेल. पण घरी येईपर्यंत ती खुशीत होती.

त्यानंतर दर फाल्गुन-चैत्रात एखादा रविवार असं काहीतरी पाहायला जाण्यासाठी आमचा ठरलेला असायचा. जुनापाण्याला आम्ही पुन्हा गेलो. त्या बाईनं तोवर नवऱ्याला सांगून जुनी सायकल घेतली होती आणि भाजी घेऊन ती स्वतः रस्त्यापर्यंत यायची. एका वर्षी तीही आमच्याबरोबर आली, रामटेकजवळच्या नगरधनच्या किल्ल्यावर. किल्ला तिनं पहिल्यांदाच पाहिला. तिथे जमिनीच्या खाली, पायऱ्या उतरून विहिरीच्या अंगाला देवी आहे. देवी अशी खाली का बसवली, यावर दोघींचं बसमध्येच सुरू झालं होतं.

दोघी पायऱ्या उतरून गेल्या. बाबा आणि मी वर तटाच्या सावलीत बसलो. खालून त्यांचं बोलणं घुमून वर येत होतं, शब्द कळत नव्हते. मधेच हसणं ऐकू आलं. बाबांनी थोडी वाट पाहिली, विडी विझवली आणि म्हणाले, "चाल, काय सापडलं त्यायले, पाहू."

आम्ही भिंतीला हात लावत खाली उतरलो.