पांढरी पँट आणि लाल गाडी

शिवाजी पेठेत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मिस्त्रींचं लेथचं दुकान आहे. परदेशात सरळ रस्त्यावर शर्यतीला पळवायचे, त्या जुन्या लांब नाकाच्या मोटारींच्या हातभर प्रतिकृती ते घडवतात. संग्राहकांत अलीकडे या गाड्यांचे भाव भलतेच चढलेत. मिस्त्री मात्र भाव विचारला की कान खाजवतात आणि आधी गिऱ्हाइकाचीच उलटतपासणी घेतात.

परवा मी तिथं बसलो असताना पुण्याचे एक गृहस्थ आले. इस्त्रीची पांढरी पँट. फळीवरच्या एका लाल गाडीला त्यांनी चालू भावाच्या दुप्पट किंमत देऊ केली.

"पावणं, न्हेऊन काय करणार?"

"काचेच्या कपाटात ठेवणार."

"मग फोटू काढून न्या की."

गृहस्थ काकुळतीला आले. तेव्हा मिस्त्रींनी अट घातली, आधी शर्यत लावायची. स्वतः निळी गाडी घेतली. दोघं तेलकट फरशीवर गुडघे टेकून बसले. तोंडानं इंजिनाचा आवाज काढणं सक्तीचं होतं. गृहस्थांनी लाजत लाजत तोही काढला. मी एक-दोन-तीन म्हणालो. दोघांनी गाड्या ढकलल्या. लाल गाडी वीतभर आधी भिंतीला भिडली. गृहस्थ टाळ्या पिटत उठले आणि पाकीट काढू लागले.

मिस्त्रींनी लाल गाडी उचलली, चाकं फिरवून पाहिली, फडक्यात गुंडाळली आणि लेथखालच्या खणात टाकून कुलूप लावलं.

"अहो, मी जिंकलो ना?"

"व्हय, म्हणूनच. पळती गाडी कोण इकतंय? ही हरलेली न्या की. कपाटाला तेवढी बास हाय."