वायरबुवांचा ‘आताऽऽ?’

माझ्या काकाला ऑफिसात वायरबुवा म्हणायचे. घरात नकला करण्यात माझा हात कुणी धरत नाही, पण टेबलाखालून, दातांत स्क्रू धरून दिलेली त्याची ‘आताऽऽ?’ ही हाक मला अजून नीट जमत नाही. हल्ली मेल अडलं तर यंत्र बंद करून पुन्हा चालू करतात. कुणी कुणाला हाक मारत नाही. तेव्हा सगळे कॉम्प्युटर एकाच काळ्या वायरीवर, माळेतल्या मण्यांसारखे. एक सांधा सैल झाला की अख्ख्या ऑफिसचं ईमेल ठप्प.

“आताऽऽ?”

“नाऽही!” टायपिस्टबाई वरून सांगायच्या.

“खुर्ची कुणी सरकवली?”

“मी नाही हं!” हिशेबनीस. म्हणजे बहुधा तोच.

एकदा बाई काकाशेजारी उकिडव्या बसल्या आणि कुजबुजल्या, “मला दुसऱ्या शहरात नोकरी लागलीय. होकार आज पाचच्या आत पोचायला हवा, आणि मेल इथंच अडकलंय.”

“फॅक्स करा की.”

“साहेबांच्या टेबलावरून? त्यापेक्षा दवंडीच पिटते!”

काका पुन्हा वायरीकडे वळला. त्या ‘नाऽही’वर त्याचा किती जीव होता, हे बाई सोडून सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. सैल सांधा त्याच्या हातातच होता. पिळला की मेल जाणार, आणि मेलामागून बाई. पाचपर्यंत नुसता खुडबुडत बसला असता, तरी कुणाला कळलं नसतं.

“बुवा, सापडलं का हो?” बाईंनी वर जाऊन विचारलं.

त्याने सांधा पिळला. “आता?” या खेपेला अगदी हळू.

“गेलं! गेलं एकदाचं!”

काका बराच वेळ बाहेर येईना. “स्क्रू पडलाय,” म्हणाला.

बाई गेल्या. महिन्याभराने ऑफिसात फोन वाजला.

“बुवा, इथलं मेल बंद पडलंय. इथला माणूस म्हणतो, बघू सावकाश.”

“टेबलाखाली शिरा. एकेक सांधा हलवून बघा.”

“शिरले होते. पण वरून ‘नाही’ म्हणायला कुणी नाही हो!”

काकाने फोन दुसऱ्या कानाला लावला. “थांबा. मीच येतो.”

लगेच रजा मागायला गेला. साहेबांनी कारण विचारलं.

“ईमेलचं काम आहे. बाहेरगावी.”

“अहो, ते असतंच मुळी प्रवास वाचवायला!”

काका तोवर जिना उतरत होता.