डाकरामभाऊंची पाळ

डाकरामभाऊंच्या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा मला पासपोर्ट फोटो हवा होता, आणि तो लगेच हवा होता. केशोरीच्या शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. दुकानात एक निळा पडदा, एक स्टूल, भिंतीवर लाजणाऱ्या नवरदेवांचे फोटो आणि कोपऱ्यात कॉम्प्युटरसमोर पाठमोरे बसलेले एक पंचेचाळिशीचे गृहस्थ. "फोटो काढायचाय," मी म्हटलं. ते वळलेसुद्धा नाहीत. "बसा मॅडम, दो मिनट. घोडा बांधून येतो."

मी बाहेर डोकावले. घोडा नव्हता. एक बकरी होती, तीही सुटी. मग माझं लक्ष कॉम्प्युटरकडे गेलं. तिथे पाऊस पडत होता, आणि एक चिलखत घातलेला वीर तपकिरी घोड्याला चालवत चालवत एका गोठ्याकडे नेत होता. घोडा आडोशाला उभा राहिला, समोर गवताचा भारा दिसला, तेव्हा कुठे डाकरामभाऊ उठले. "आता सरळ पाहा. मान नोका हलवू," म्हणाले आणि माझा आयुष्यातला सर्वांत रागीट फोटो त्यांनी काढला. तो अजून माझ्या ओळखपत्रावर आहे.

पुढे मी त्यांच्याच दुकानावरची खोली भाड्याने घेतली, त्यामुळे खरी हकीकत कळली. हा कॉम्प्युटर लग्नाचे व्हिडिओ जुळवण्यासाठी घेतलेला. लग्नसराईत त्याला उसंत नसे; पण लग्नं संपली की डाकरामभाऊ दुपारी जेवून त्या खेळात शिरत. राजे, राक्षस, जादूगार, तलवारी, दोन डोंगरांवर पसरलेलं राज्य. आपण एक वीर व्हायचं, गावोगाव हिंडायचं, कामं अंगावर घ्यायची आणि शेवटी काळ्या जादूगाराला हरवायचं. त्यांच्या बायकोचं, वनिताताईंचं या सगळ्यावर एकच म्हणणं होतं. "आमचा माणूस घरची म्हैस बांधत नाई, अन् थो घोडा बांधते." म्हैस त्याच बांधत, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

मला स्वतःला अशा खेळांचा मनस्वी कंटाळा. मोठ्या माणसाने भर दुपारी राक्षस मारत बसावं हे माझ्या अकोल्याच्या बाळबोध संस्कारात बसत नव्हतं, आणि मी ते तोंडावर बोलूनही दाखवलं. डाकरामभाऊंना राग आला नाही. "मारून कुठं राहिलो जी? फिरून राहिलो," ते म्हणाले. खरंच, ते नुसते फिरत. कुठल्या डोंगराचं पाणी कुठे उतरतं, कुठल्या गावाला विहीर आहे, हे पाहत. खेळातल्या तळ्यावरची संध्याकाळ त्यांना इतकी आवडली, की तिचं चित्र घेऊन त्यांनी बिरसीच्या एका जोडप्याच्या अल्बममध्ये मागे लावून दिलं. नवरी पिवळ्या शालूत, नवरदेव फेट्यात, आणि मागे बर्फाचे डोंगर नि किल्ला. बिरसीचे लोक खूश झाले. हे ठिकाण नेमकं कुठे आहे, एवढंच नवरीच्या मामाने विचारलं.

पण खेळ अडला होता, आणि अडून बरीच वर्षं झाली होती. त्या तळ्याला मातीची मोठी पाळ होती. आपल्याकडच्या तलावाला असते तसा लांबलचक बांध. पाळीखालच्या खोऱ्यात जादूगाराच्या सैन्याचा तळ पडलेला, आणि खोऱ्यातच एक गाव, गावाची शेतं. खेळातल्या राजाचा हुकूम असा, की वीराने पाळ फोडावी, सैन्य बुडवावं आणि मग पुढचा रस्ता उघडावा. एक बटण दाबायचं होतं. डाकरामभाऊंनी ते दाबलं नाही.

कारण डाकरामभाऊ कोहळी. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी या भागात तलाव बांधले ती माणसं. गावामागचा तलावही त्यांच्याच घराण्याने बांधलेला. दर वर्षी उन्हाळा संपता संपता, ज्याचं म्हणून त्या पाण्यावर धान पिकतं तो प्रत्येक जण पाळीवर टोपलीभर माती नेऊन टाकतो. नवी सून आली तर तिच्या हातची टोपली आधी. अशा माणसाला खेळ सांगत होता, फोड. गावातली पोरं खिजवत, "भाऊ, बटनच तं आहे!" भाऊ म्हणत, "राजा मेला तं दुसरा येते. पाळ फुटली तं कोन बांधन?"

म्हणून त्यांनी दुसरे सगळे मार्ग करून पाहिले. एकटेच सैन्यावर चालून गेले आणि मेले. डोंगराच्या मागून वाट काढायला गेले. तिथे खेळाचं जगच संपत होतं. पाळीच्या पायथ्याशी तलवारीने ठोकत ठोकत तुडूम शोधलं. तुडूम म्हणजे पाळीतून पाणी सोडायची मोरी. ती खेळ बनवणाऱ्यांनी केलीच नव्हती. याचा मात्र डाकरामभाऊंना खरा राग आला. "येवढा मोठा तलाव बांधला अन् तुडूम नाई! मंग पानी साठवलं कायले? पाहाले?"

एके दिवशी दुपारी ते जिना चढून वर आले. यापूर्वी कधी आले नव्हते. खेळ बनवणाऱ्या कंपनीने इंटरनेटवर विचारलं होतं, की पुढच्या भागात तुम्हाला काय काय हवं ते कळवा. जगभरचे लोक मागत होते: आणखी मोठे राक्षस, उडता येणारे घोडे, स्वतःचा वाडा बांधायची सोय, राजकन्येशी लग्न. डाकरामभाऊंनाही मागायचं होतं, पण इंग्रजीत. "तुमी लिहा मॅडम. मी सांगतो."

त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि मी पेपर तपासायचे बाजूला ठेवले. घोडा म्हातारा झाला पाहिजे. सैनिक जेवले पाहिजेत. "येवढी फौज खाते काय?" गावात मयत झाली तर दुकानं बंद राहिली पाहिजेत. "अन् पाऊस. पाऊस पडते, पन कोनी नांगर काढत नाई. मंग पडते कायले?" हे सगळं झाल्यावर ते खरी गोष्ट बोलले. "मुख्य हे लिहा. पाळ न फोडता पुढं जाता आलं पाह्यजे. तुडूम ठेवा म्हना. थे उघडलं की पानी हळूहळू धानाच्या बांध्यायत उतरन, घोटाभर चिखल होईन. लोखंड घालून त्या चिखलात चालून दाखवा म्हना. फौज फसन, गाव वाचन, अन् मागून रोवनी होईन."

रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, चिखलात एक दिवस काढलेल्या माणसालाच सुचेल अशी ती युद्धनीती होती. मी हसले, आणि हसता हसता मला हा माणूस फार आवडला. मी सगळं जसंच्या तसं लिहिलं. तुडुमाला इंग्रजी शब्द दिला, पण कंसात वर्णनही टाकलं, कारण डाकरामभाऊंचा माझ्या इंग्रजी शब्दावर विश्वास बसत नव्हता.

इंटरनेटवर ते वाचून लोकांनी टर उडवली. एकाने लिहिलं, या माणसाला वीर व्हायचं नाही, पाटबंधारे खात्यात नोकरी पाहिजे. मी ते भीत भीत वाचून दाखवलं. "बरोबरच आहे," डाकरामभाऊ म्हणाले, "अर्ज केलता मी." पण चार दिवसांनी कुठल्या तरी भाताच्याच देशातल्या एका अनोळखी माणसाचं उत्तर आलं, की मीही ते बटण दाबलेलं नाही, आमचं गावही तळ्याखाली आहे. डाकरामभाऊंनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. त्या संध्याकाळी वनिताताईंनी म्हैस बांधायला घेतली तर ती आधीच बांधलेली होती. कंपनीचं उत्तर काही आलं नाही.

मग माझी सौंदडला बदली झाली. सामान टेम्पोत चढलं तेव्हा डाकरामभाऊंनी मला स्टुलावर बसवून नवा फोटो काढला, या वेळी "हसा" म्हणाले. पैसे घेतले नाहीत आणि तोंडाने निरोपही दिला नाही. "माती टाकाले येजा," एवढंच म्हणाले. केशोरीत असताना मीही दर वर्षी टोपली टाकायचे. माझं एक बांधीसुद्धा, म्हणजे धानाचं एक खाचरही नाही, पण "पानी पेता ना इथचं?" असं म्हणून वनिताताईंनी पहिल्याच वर्षी टोपली माझ्या डोक्यावर ठेवली होती.

मध्यंतरी खेळाचा पुढचा भाग निघाला. मी फोन केला. "तुडूम आहे का?" "नाई जी. त्याईनं पाळच फोडून ठेवली." नव्या भागाची गोष्ट मागच्याच्या पुढे सुरू होत होती, आणि वीराने पाळ फोडली असं कंपनीने सगळ्यांच्या वतीने धरून टाकलं होतं. तळं कोरडं, खालचं गाव ओसाड. मला इतकं वाईट वाटलं, की वर्गावर गेल्यावरही माझं लक्ष लागेना. एका खेळातल्या तळ्यासाठी! डाकरामभाऊ मात्र म्हणाले, "माझ्या हातानं नाई फुटली, थे एक बरं झालं."

यंदा माती टाकायला गेले. पाळीवर टोपली रिकामी केली, वनिताताईंच्या घरी हातपाय धुतले, चहा घेतला आणि दुकानात आले. डाकरामभाऊ कॉम्प्युटरसमोरच होते. "या, दाखवतो," म्हणाले. कोरड्या तळ्याच्या काठाने मातीची एक लांब, जाड ओळ उभी होती, मध्ये किंचित बाक दिलेली, अगदी गावामागच्या पाळीसारखी. लोकांनी मागितली म्हणून कंपनीने वाडा बांधायची सोय दिली होती. माती खणा, वाहा, रचा. बाकीचं जग वाडे बांधत होतं, डाकरामभाऊ पाळ बांधत होते. अर्धीअधिक झाली होती. पायथ्याशी दगडांची एक चौकोनी मोरी सोडलेली होती.

"आणि जादूगार?" मी विचारलं.

"आहे तिकडं."

"राजा वाट बघत असेल ना?"

"पाहू द्या. त्याले कुठं रोवनीले जाचं आहे?"

मी म्हटलं, "पण भाऊ, या खेळात पाणी परत येतं का? नदी तर आटलेली दिसतेय."

"मालूम नाई," ते म्हणाले. चेहऱ्यावर खंत अशी नव्हतीच. लग्नसराई नीट पार पडल्यावर असायचा तसा तो चेहरा होता. "पन पानी आलं अन् पाळ नाई, असं नाई झालं पाह्यजे." मग ते खुर्चीतून उठले आणि मला म्हणाले, "बसा. एक टोपली तुमी टाका."

मी बसले. माउस हातात घेतला आणि मातीकडे निघाले, तशी पाठीमागून हाक आली, "आधी घोडा बांधा, मॅडम. काम लंबं आहे."

घोडा नवा होता, पण तपकिरीच. मी त्याला सावलीत नेऊन बांधला, पुढ्यात गवत टाकलं आणि मग टोपली उचलली.